पंख्यासाठी स्मार्ट स्विच: मॉड्यूल, टच पॅनेल की थेट बीएलडीसी पंखा?

नाशिकमध्ये पंखा स्मार्ट करून घेण्यामागे बहुतेक घरांत एकच कारण असतं, ते म्हणजे झोप. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री अकराला फुल लागणारा पंखा पहाटे चारला अंगावर येतो आणि रेग्युलेटरपर्यंत उठून जायचं जिवावर येतं. वेळ लावून ठेवली की पंखा आपोआप एकवर येतो. ही सोय घेण्यासारखी आहे, यात मला शंका नाही. पण दिवा लागतो किंवा विझतो, एवढंच. पंख्याला मोटर आहे, कॅपॅसिटर आहे, वेग आहे आणि निम्म्या तक्रारी या वेगापाशीच सुरू होतात. म्हणून किमतीच्या आधी मी दोन गोष्टी बघतो. वस्तू बिघडली तर घरातल्या आजींना पंखा लावता येईल का? आणि ती दुरुस्त कोण करणार?

बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल

काडेपेटीएवढा डबा जुन्या बोर्डामागे बसतो, खटके आहेत तसेच राहतात. अ‍ॅप चाललं नाही तरी खटका चालतो, हा याचा सगळ्यात मोठा गुण.

घेताना एक फरक नीट विचारून घ्या. काही मॉड्यूल फक्त चालू-बंद करतात. त्यांच्याबरोबर जुना रेग्युलेटर ठेवावाच लागतो आणि वेग भिंतीवरूनच बदलावा लागतो. पहाटे वेग कमी करायचा असेल तर हे उपयोगाचं नाही. दुसऱ्या प्रकारात वेगाचे कॅपॅसिटर मॉड्यूलमध्येच असतात आणि बहुधा चार टप्पे मिळतात. हे बसवताना जुना रेग्युलेटर काढायलाच हवा. वायरमनने तो तसाच ठेवला तर दोन्ही एकामागे एक जोडले जातात. मग अ‍ॅपमध्ये चार नंबर दिसतो आणि पंखा मात्र रेंगाळतो, गुणगुणतो. ‘स्मार्ट केल्यापासून वारा लागत नाही’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

दुसरी अडचण न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जाण्याच्या वायरची. मॉड्यूलला स्वतःला चालायला ती बोर्डात लागते. जुन्या नाशिकातल्या किंवा पंचवटीतल्या घरांत अनेक बोर्डांत फक्त फेज आणि पंख्याकडे जाणारी वायर असते. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे न्यूट्रल सहसा मिळतो. नसेल तर वायरमन शेजारच्या बोर्डातून ओढून देतो, पण तो त्याच सर्किटचा असला पाहिजे. इन्व्हर्टरची लाईन वेगळी असलेल्या घरात चुकीच्या सर्किटचा न्यूट्रल घेतला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतो आणि दोष मॉड्यूलवर जातो. खटका फेजवर आहे ना, हेही त्याच वेळी टेस्टरने बघून घ्यायला सांगा. जुन्या वायरिंगमध्ये तो न्यूट्रलवर सापडतो. तसं असेल तर खटका बंद असतानाही पंख्यात करंट राहतो.

टच पॅनेल

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये काचेची पॅनेल सर्रास दिसतात. दिसायला सुरेख, आणि पंख्याचा वेगही त्यावरच. मला मात्र यात एक गोष्ट खटकते. पुष्कळ पॅनेलमध्ये सगळी बटणं एकाच सर्किटवर असतात. ते गेलं की त्या खोलीतला दिवा आणि पंखा दोन्ही जातात आणि तसंच पॅनेल पुन्हा मिळेपर्यंत थांबावं लागतं. घराचं वायरिंग नव्यानं होत असेल, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल घातलेला असेल आणि कंपनीची सेवा शहरात असेल तरच घ्या. फक्त पंख्यासाठी घेऊ नका.

बीएलडीसी पंखा

बीएलडीसी म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा. इथे बुद्धी पंख्यातच असते. साधा पंखा फुलवर साधारण 75 वॅट खातो, हा 30च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. इन्व्हर्टरवर तर फरक लगेच कळतो, बॅटरी जास्त वेळ पुरते. व्होल्टेज पडलं तरी वेग फारसा कमी होत नाही.

मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करावी लागते. रेग्युलेटरवाल्या स्मार्ट स्विचवर हा पंखा लावू नका. वेग बदलत नाही आणि पंख्यातलं सर्किट खराब होऊ शकतं. खटका कायम चालू ठेवण्याची सवयही सगळ्या घराला लावावी लागते. कुणी सवयीनं बंद केला की अ‍ॅपमध्ये पंखा ‘ऑफलाइन’ दिसणारच. साध्या पंख्याचा कॅपॅसिटर कोणताही वायरमन थोडक्या पैशांत बदलून देतो. याचं सर्किट गेलं तर कंपनीचाच माणूस लागतो. म्हणून वॉरंटी वाचून घ्या.

बिघाड शोधताना

आधी भिंतीवरच्या खटक्यानं पंखा लावून बघा. चालला, तर भानगड वायफायची आहे. बहुतेक स्विच फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि राऊटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर जोडणीच्या वेळी अडतात. त्या वेळेपुरता 5 गिगाहर्ट्झ बंद ठेवा. लोखंडी बोर्डपेटीत सिग्नल कमजोर होतो, हेही लक्षात असू द्या. लाईट जाऊन आल्यावर स्विच लगेच जागा होतो, राऊटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. राऊटर इन्व्हर्टरवर घेतला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. इंटरनेट कंपनी बदलली तर नव्या राऊटरला जुनंच नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे बहुतेक वेळा सगळे स्विच पुन्हा जोडत बसावे लागत नाहीत.

खटक्यानंही चालत नाही, पण रिलेचा (मॉड्यूलमध्ये वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचा) ‘टक्’ आवाज येतो? मग पंख्याचा कॅपॅसिटर किंवा जोडणी बघा. पंखा गुणगुणतो पण उचलत नाही, हे कॅपॅसिटर थकल्याचं लक्षण. टक् आवाजच नसेल तर मॉड्यूलला वीज पोचते का ते तपासायचं. पंखा बंदच होत नसेल तर रिले चिकटलेला असतो, मॉड्यूल बदलावं लागतं. फक्त इन्व्हर्टरवर असतानाच घरघर होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (साइन वेव्हऐवजी चौकोनी लहरींची वीज देणारा) आहे का बघा, स्विचला हात लावू नका. आणि बोर्ड उघडायचा तर आधी एमसीबी पाडायचा, इन्व्हर्टरही बंद करायचा. मेन बंद असताना इन्व्हर्टरच्या लाईनवर करंट असतोच.

मी काय घेईन

पंखा चांगला आहे आणि बोर्डात न्यूट्रल आहे, तर वेगाचं मॉड्यूल. पंखा दहा-बारा वर्षांचा, बेअरिंग वाजतंय, तर त्यावर स्विचचा खर्च करू नका, सरळ बीएलडीसी आणा. न्यूट्रल नसलेल्या जुन्या घरातही तोच बरा, कारण भिंत फोडावी लागत नाही. भाड्याच्या घरात तर नक्कीच तो. घर सोडताना मालकाचा पंखा आणि रेग्युलेटर परत लावून द्यायचा, आपला उतरवून न्यायचा.