ॲम्ब्युलन्सवाला "मेडिक्लेम आहे का" विचारतो तेव्हा

आधीच सांगते, "१०८ ला फोन का नाही केला" हे शहाणपण कुणी शिकवू नका. पहिला फोन तिथंच केला होता. सकाळी सव्वासहाला अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हातातला कप सुटला, बोलणं जडावलं. अर्धांगवायूचा झटका आहे हे कळलं होतं. साडेचार तासांच्या आत मेंदूचा सीटी स्कॅन होऊन गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं पाहिजे हेही माहीत होतं, म्हणजे पावणेअकरापर्यंतच वेळ. १०८ वाले म्हणाले जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, थांबावं लागेल. आमच्या तालुक्यापासून पुणं ७० किलोमीटर. काय करायचं माणसानं? दिरानं सरकारी दवाखान्याच्या गेटवर चिकटवलेला नंबर लावला. "कार्डियाक ॲम्ब्युलन्स आहे, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, सगळं धरून ९,५००." पंधरा मिनिटांत गाडी दारात.

दीर मागं अण्णांजवळ, मी पुढं. गाव सुटलं आणि ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, मेडिक्लेम आहे का?"

इथंच. अरे, स्टेअरिंग धरणाऱ्या माणसाला पेशंटचा मेडिक्लेम कशाला हवाय? मी आहे म्हणाले, कितीचा तेही सांगितलं, मला वाटलं ॲडमिशनला लागत असेल. लगेच त्यानं फोन लावला, "भाऊ, पेशंट घेऊन येतोय, मेडिक्लेमवाला आहे." मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. भाऊ कोण म्हणून विचारणार तेवढ्यात मागं अण्णांना उलटी झाली आणि सगळं लक्ष तिकडं गेलं. घरचं माणूस मागं तसं पडलेलं असताना कुणी उलटतपासणी घेत बसत नाही, आणि यांचा धंदा त्याच्यावरच तर चालतो.

पुण्याच्या तोंडाशी आल्यावर म्हणतो, "तुमच्या हॉस्पिटलात बेड नाहीये, आत्ताच विचारलं, इथं जवळच चांगलं आहे, न्यूरोचे डॉक्टर चोवीस तास." (आम्ही नंतर चौकशी केली, त्या सकाळी बेड होते.) बेड नाही म्हणाला की स्वतः कॅज्युअल्टीला फोन लावा, त्याच्या फोनवरून नाही, आपल्या फोनवरून. आणि बेडबरोबर सीटी चालू आहे का, न्यूरोवाले आत्ता आहेत का, तेही विचारा. कारण जिथं नेलं तिथं सीटीचं मशीनच नव्हतं! ३०,००० डिपॉझिट भरून घेतलं, सलाइन लावलं, आणि "डॉक्टर दहाला येतील, मग स्कॅनला बाहेर पाठवू." भांडून सुटका होईपर्यंत अकरा वाजून गेले. डिपॉझिटमधले ११,३५० परत, १८,६५० गिळले. योग्य जागी पोचलो तेव्हा इंजेक्शनची वेळ टळलेली. अण्णांचा उजवा हात अजून उठत नाही. वेळेत मिळालं असतं तर उठला असता का, हे कुठलाच डॉक्टर छातीठोक सांगत नाही, पण चान्स तरी मिळाला असता ना.

आता ९,५०० चे किती झाले बघा. कार्डियाक चार्ज ४,०००, दोन सिलिंडर ३,६००, अटेंडंट १,५००, वेटिंग १,२००, रिकामी परत जाण्याचे २,६००, सॅनिटायझेशन ६००. एकूण २३,०००, आणि पैसे दिल्याशिवाय स्ट्रेचर खाली घेणार नाही. कार्डियाक कसली, व्हेंटिलेटरवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, मॉनिटरची वायर लोंबत होती, डॉक्टर तर सोडाच. आणि ऑक्सिजन? बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, मिनिटाला ४ लिटर धरला तर दीड तासात ३६० लिटर. पाव सिलिंडर झाला! दुसरा हललासुद्धा नाही, दिरानं बघितलंय. पैसे गेले एका बाईच्या यूपीआयवर, पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. गाडीत बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढा, रेट व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी ॲम्ब्युलन्स म्हणून नोंदलेली आहे की नुसती व्हॅन, ते कळतं.

आता ऑफिसांचं ऐका. पोलीस म्हणाले, "तुम्ही स्वतः पैसे दिलेत ना मॅडम? मग सिव्हिल मॅटर आहे." आरटीओत गेले तर गाडीची नोंदणी दुसऱ्या जिल्ह्याची, तिकडं जा. तिकडं गेले तर म्हणे पक्की पावती आणा. अहो, पक्की पावती दिली नाही हीच तर तक्रार आहे! आरोग्य खात्यात तर माणसानं मान वर न करता "खासगी गाड्या आमच्याकडे येत नाहीत" सांगून टाकलं. मग येतात कुणाकडं? सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना ॲम्ब्युलन्सचे वाजवी दर ठरवा म्हणून सांगितलंय, तेव्हा कोविड होता, पण लुटायला कोविडच लागतो असं थोडंच आहे. दरपत्रक आरटीओच्याच भिंतीवर होतं, कपाटाच्या मागं अर्धं झाकलेलं. मी फोटो काढला तर साहेब म्हणतात इथं फोटो काढायला परवानगी नाही. सरकारी दवाखान्याच्या गेटवर खासगी नंबर चिकटवायला परवानगी कुणी दिली, ते मात्र कुणाला ठाऊक नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवलीय, आता ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, हे मला या ऑफिसांतल्या कुणीच सांगितलं नाही. सरकारी दवाखान्याच्या गेटवरचा नंबर लावून कुणाला असंच भलतीकडं नेलं असेल तर पावती, चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट, काहीही असो, फेकू नका. माझ्या एकटीच्या पानाला ते कच्चं म्हणतात, दहा जणांची पानं एकदम टेबलावर ठेवायचीत.