स्क्रॅबलसाठी ‘टिसान’ची यादी पाठ केली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ही पद्धत कोणासाठी आहे ते आधी सांगते. तुम्ही स्क्रॅबल खेळताय, दोन अक्षरी शब्द पाठ आहेत, स्कोअर मात्र अडीचशे-तीनशेवर अडकून बसलाय आणि समोरचा दर गेमला एकदा तरी सातही टाइल्स एकदम लावून ५०चा बोनस घेऊन जातो, असं असेल तर पुढे वाचा. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून काहीतरी शोधत असाल तर यात वेळ घालवू नका. कारण खाली येईलच.

पद्धत साधी आहे. टी, आय, एस, ए, एन, ई ही सहा अक्षरं घ्यायची. यांचा मिळून ‘टिसान’ होतो, म्हणजे झाडपाल्याचा काढा. खेळणारे अशा सहाच्या गठ्ठ्याला ‘स्टेम’ म्हणतात. त्यात सातवं अक्षर मिसळलं की कोणकोणते शब्द तयार होतात, ती यादी पाठ करायची. डी आलं तर इन्स्टेड, डिटेन्स, स्टेन्ड, सेंटेड. जी आलं तर सीटिंग, टीझिंग, ईस्टिंग. यू आलं की आंटीज, झेड आलं की झेनिएस्ट. एच आलं तर चक्क शैतान! एस-एच-ई-आय-टी-ए-एन असं स्पेलिंग करून तो कॉलिन्सच्या, म्हणजे स्पर्धांत मान्य असलेल्या शब्दांच्या यादीत बसलाय. क्यू आणि वाय ही दोनच अक्षरं या गठ्ठ्याशी जमवून घेत नाहीत, बाकी सगळ्यांशी काही ना काही होतंच.

हाच गठ्ठा का, याचं उत्तर पिशवीत आहे. एकूण टाइल्स १००. त्यात ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, एन आणि टी प्रत्येकी ६, एस ४. बेरीज ४६. म्हणजे जवळपास अर्धी पिशवी याच सहा अक्षरांची. स्क्रॅबलचा जनक अल्फ्रेड बट्सनं वर्तमानपत्राची पानं मोजून अक्षरांचं हे प्रमाण ठरवलं होतं, त्याचा फायदा आपण आजही उचलतोय.

मी पावसाळ्यात सुरुवात केली. शब्दांचा सराव करून घेणारं एक मोफत ॲप आहे, ते अक्षरं वर्णानुक्रमे लावून दाखवतं: ए-ई-आय-एन-आर-एस-टी. मग त्यातून जेवढे शब्द निघतात तेवढे म्हणायचे. रेटिनाज, रिटेन्स, नॅस्टियर, स्टेनर, अँट्सियर, रेट्सिना, स्टिअरिन... चुकलेलं कार्ड उद्या परत येतं, आलेलं आठवड्यानं. पहिले काही आठवडे पावकी-निमकी घोकल्यासारखे गेले, खोटं कशाला सांगू. पण एक सवय लागली आणि माझ्या मते शब्दांपेक्षा तीच जास्त कामाची: हातात टाइल्स आल्या की रॅकवर आधी वर्णानुक्रमे लावायच्या. मग शब्द शोधावा लागत नाही, ओळखीचा गठ्ठा दिसतो.

एक प्रसंग सांगते, म्हणजे यादी नेमकी कुठे उपयोगी पडते ते कळेल. रॅकवर ए-ई-आय-एन-एस-टी आणि व्ही. शब्द तीन सुचले: नेटिव्ह्ज, नेइव्हेस्ट, व्हेनेस्ट. बोर्ड चांगलाच भरलेला, जागा एकच, उभ्या लावलेल्या ‘कार्ट’च्या खाली. शेवटी टी असलेले दोन्ही शब्द तिथे बसणार नाहीत. नेटिव्ह्जचा एस मात्र कार्टला लागतो, कार्टचं कार्ट्स होतं आणि दोन्हींचे गुण मिळतात. प्रीमियम घरं न धरताही ६७. एकच शब्द माहीत असता आणि तो नेमका व्हेनेस्ट असता, तर हात चोळत बसावं लागलं असतं. म्हणून एका गठ्ठ्याचे सगळे शब्द एकत्र पाठ करा, निवडक नकोत.

सातचा शब्द कुठेच बसत नसेल तर बोर्डवरचं एखादं अक्षर धरून आठचा होतो. ए-ई-आय-एन-आर-एस-टीला सी मिळाला तर कॅनिस्टर, जी मिळाला तर अँग्रिएस्ट, एच मिळाला तर हेअरनेट्स, एम मिळाला तर मिनरेट्स, पी मिळाला तर पेंटर्स किंवा पँट्रीज. ही पुढची पायरी. तिला वेळ लागतो, माझी अजून अर्धीच झाली आहे.

आता जे मिळत नाही ते. यादी पाठ झाली की ‘एक अक्षर आलं की बिंगो’ (सातही टाइल्स एकदम लावणं) या आशेवर माणूस चार-पाच गुणांच्या खेळी करत बसतो. आमचे सासरे असल्या खेळाडूला आरामात हरवतात. बोर्ड बंद करत न्यायचा, दोन अक्षरी शब्द समांतर लावायचे आणि एक्स किंवा झेड तिप्पट गुणांच्या घरावर टाकायचा, एवढंच ते करतात. ‘सूनबाई, तुमची आंटी ठेवायची कुठे?’ असं वर विचारतात. कधी साठवायचं आणि कधी टाइल्स बदलायच्या, हे यादी शिकवत नाही.

आणि इंग्रजी? काडीचंही सुधारत नाही. स्टिअरिन मेणबत्त्यांत असतं, रेट्सिना ही राळेच्या स्वादाची ग्रीक वाइन, असे एक-दोन अर्थ मी कुतूहलानं पाहिले. बाकी शब्द माझ्यासाठी नुसती अक्षरांची रांग आहेत. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, २०२४ मध्ये स्पॅनिशचाही. या खेळात शब्द पाठ असणं आणि भाषा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला आणखी पुरावा नको.

सुरू करण्याआधी यादी कुठली घेताय ते बघा. आपल्याकडच्या स्पर्धांत कॉलिन्स चालते, अमेरिकेत वेगळी. न्यू जर्सीच्या आतेभावाशी ऑनलाइन खेळताना माझे स्टार्नी आणि रेझिअंट हे दोन्ही शब्द बाद झाले, कारण ते फक्त कॉलिन्समध्ये आहेत. ॲपमध्ये शब्दकोश निवडायची सोय असते, तिथे पहिल्याच दिवशी योग्य तो निवडा. टिसान झालं की रेटिना घ्या, मग सटायर. तिन्हींत बरेच शब्द सामाईक आहेत, त्यामुळे दुसरी यादी पहिलीपेक्षा लवकर उरकते.