आयर्लंडच्या खेड्यातलं जुनं घर: टर्फ, लाकूड, केरोसिन की हीट पंप?

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो, रॉसकॉमन किंवा गॉलवेच्या खेड्यात जुनं घर घ्यायचं म्हटलं, की घराबरोबर बहुतेक वेळा तीन गोष्टी पदरात पडतात. बैठकीच्या खोलीत उघडी चूल नाहीतर लोखंडी स्टोव्ह, मागच्या अंगणात केरोसिनची टाकी आणि आडोशाच्या शेडमध्ये आधीच्या मालकाचं उरलेलं टर्फ. टर्फ म्हणजे पीट. शाळेच्या भूगोलात पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट अशी कोळशाची जी उतरंड आपण घोकली, तिची ही पहिली पायरी. शेजारी सांगतात टर्फसारखं स्वस्त काही नाही, ऑफिसातले सांगतात सरळ हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र, बसवा. दोघांचंही त्यांच्या त्यांच्या घरापुरतं खरं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: टर्फ विकत घेऊन घर तापवू नका. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बॉगचा, म्हणजे पीटच्या पाणथळ जमिनीचा, तुकडा आहे आणि जे दर उन्हाळ्यात तिथे स्वतः राबतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

ते राबणं काय असतं, हे ठरवण्याआधी समजून घ्यायला हवं. आयर्लंडची सुमारे एक पंचमांश जमीन पीटची आहे. पाणथळ जागी मेलेलं शेवाळ आणि गवत कुजत नाही, ते थरावर थर साचत राहतं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर खोल कापलं की हजारेक वर्षांची साठवण उपसली. ताज्या पीटमध्ये सुमारे 90 टक्के पाणीच असतं. एप्रिल-मेमध्ये श्लॉन नावाच्या, पात्याला काटकोनात पंख असलेल्या फावड्याने त्याच्या विटा कापतात आणि बॉगवरच पसरतात. वरून जरा सुकल्या की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. गोवऱ्यांचा हुडवा रचलेल्या माणसाला ही रचना पाहताक्षणी कळेल. हल्ली कापायचं काम ट्रॅक्टरमागचं यंत्र करतं आणि पीट लांब वळकट्यांसारखं जमिनीवर सोडत जातं, पण उभं करायचं काम अजूनही बहुतेक हातानेच, कमरेत वाकून होतं. उन्हाळा पावसात गेला तर माल बॉगवरच अडकतो. नीट वाळलेली वीट हातात हलकी आणि टणक लागते, दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर कोरडा टक्‌ असा आवाज येतो. ओली वीट जड असते, मोडली की आत काळीभोर ओल दिसते. असा माल ट्रेलरभर मिळाला तर तुम्ही पाणी विकत घेतलंय, आणि ते पाणी उकळवण्यात बरीच धग जाणार.

आता उष्णतेचा हिशेब. चांगल्या वाळलेल्या टर्फमध्ये किलोमागे साधारण 4 युनिट (विजेच्या बिलातलं तेच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता असते. 20 टक्के ओलाव्याच्या लाकडातही जवळपास तेवढीच. यंत्राने दाबलेल्या पीटच्या ब्रिकेटमध्ये 5 आणि केरोसिनमध्ये लिटरमागे 10. पण ही उष्णता खोलीत किती उतरते, हे कशात जाळता त्यावर ठरतं. उघड्या चुलीत सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त धग धुरांड्यातून वर निघून जाते, तर दाराच्या बंद स्टोव्हमध्ये सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त खोलीत राहते. म्हणजे 10 किलो टर्फ उघड्या चुलीत जाळलं तर फार तर 12 युनिट हाती लागतात, स्टोव्हमध्ये 28. तीच 28 युनिट केरोसिनच्या बॉयलरमध्ये तीन-साडेतीन लिटर तेलात मिळतात, आणि नीट बसवलेल्या हीट पंपाला त्यासाठी नऊ-दहा युनिट वीज लागते. ट्रेलरची किंमत विचारण्याआधी घरात चूल आहे की स्टोव्ह ते बघा. चूल असेल तर पहिला खर्च स्टोव्हचा, इंधन कोणतंही घ्या.

पैशापलीकडचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सारखीच उष्णता मिळवताना पीट कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं: एका गिगाजूलला सुमारे 106 किलो, दगडी कोळसा सुमारे 95, नैसर्गिक वायू 56. शिवाय कापण्यासाठी बॉगमधलं पाणी काढलं की न जाळलेला थरही हवा लागून कुजू लागतो. आणि धूर. टर्फच्या धुराचा वास खेड्यातल्या लोकांना प्राणाहून प्रिय आहे, ते मी समजू शकतो, पण त्यातले सूक्ष्म कण छातीत उतरतातच. घरात दम्याचा त्रास असलेलं मूल असेल तर इथेच निर्णय व्हावा.

कायदाही एव्हाना बदललाय. 31 ऑक्टोबर 2022 पासून टर्फ दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा ऑनलाइन विकायला बंदी आहे. टर्बरी, म्हणजे बॉगमधून स्वतःसाठी पीट कापण्याचा हक्क, ज्यांच्याकडे आहे ते अजून कापू शकतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला देऊही शकतात. पण युरोपीय कायद्याने संरक्षित केलेल्या बॉगमध्ये कापणं हा वेगळाच तंटा आहे. त्यावरून युरोपीय आयोगाने 2024 मध्ये आयर्लंडला न्यायालयात खेचलं. 1946 साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने तर 2021 मध्ये पीट काढणं कायमचं थांबवलं, आणि आता तीच कंपनी आपल्या बॉगमध्ये पुन्हा पाणी अडवते आहे.

लाकूड हा टर्फला सर्वांत जवळचा पर्याय, अट एकच: कोरडं हवं. थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणातला ओलावा 25 टक्क्यांच्या आत हवा असा नियम 2022 मध्येच आला, आणि ती मर्यादा पुढे 20 वर आणायचं तेव्हाच ठरलं. ओलावा मोजायचं लहान यंत्र स्वस्तात मिळतं. ओंडका फोडून आतल्या बाजूला लावा, बाहेरचा आकडा फसवतो. धूर लाकडालाही असतोच, कोरडं असेल तर बराच कमी. केरोसिनबद्दल फार सांगण्यासारखं नाही: बटण दाबलं की घर गरम, पण भाव जागतिक बाजाराच्या हातात आणि वर कार्बन कर.

हीट पंप शेवटी सर्वांत शहाणपणाचा, पण घर तयार असेल तरच. छताखाली पुरेसं इन्सुलेशन नाही, खिडक्यांतून वारा येतोय, अशा घरात तो दिवसभर चालतो आणि वीजबिल वाढवतो. म्हणून आधी छत आणि भिंती, मग पंप. दोन्हींसाठी सरकारी अनुदान मिळतं, मात्र काम सुरू करण्याआधी अर्ज करावा लागतो.

तेव्हा दोन-तीन वर्षांत घर बदलायचं असेल तर बंद स्टोव्ह, कोरडं लाकूड आणि आहे तो केरोसिनचा बॉयलर पुरे. कायमचं राहायचं असेल तर पहिला युरो इन्सुलेशनवर घाला. आणि घराबरोबर टर्बरीचा हक्क मिळतोय असं एजंट सांगत असेल, तर तो फोलिओत, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आहे का आणि बॉग संरक्षित यादीत आहे का, हे सही करण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या. हक्क खरा निघाला तरी कापलंच पाहिजे असं नाही. न कापलेला बॉग तसाच ठेवणं हाही त्याचा चांगला उपयोग आहे.

शेडमधलं उरलेलं टर्फ खडखडीत वाळलेलं असेल तर स्टोव्हमध्ये वापरून टाका. त्याआधी धुरांडं साफ करून घ्या, कारण बंद घरांच्या धुरांड्यात जॅकडॉ जातीचे कावळे काटक्यांची घट्ट घरटी बांधतात आणि धूर खोलीत उलटतो. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय काडी ओढू नका.