रेसिडेंटचा हात बसलाय का? लॉगबुक, यादी की गुणपत्रक

सर्जरी शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरचा हात बसला की नाही, हे आपल्याकडे बहुतेकदा सरांच्या मतावर ठरतं. युनिट बदललं की मतही बदलतं. युनिटात एकसारखी पद्धत आणायची असेल, तर पर्याय तीन: लॉगबुक, पायऱ्यांची यादी आणि गुणपत्रक.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, ठेवावंच लागतं. पण त्यातून केसेस कळतात, हात कळत नाही. माझ्या लॉगबुकातल्या निम्म्या हर्नियांत मी नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा होतो. सही सगळ्यांवर सारखीच झाली. याची खंत मला आजही आहे.

खरी निवड उरलेल्या दोघांत. टोरांटोच्या सर्जननी १९९७ साली मांडलेल्या 'ओसॅट्स' या कौशल्य तपासायच्या पद्धतीत दोन्ही होतं. यादीत नुसतं 'केलं' किंवा 'नाही केलं'. उदाहरणार्थ जांघेच्या हर्नियात: नर्व्ह ओळखली का, कॉर्ड (वृषणाकडे जाणारी दोरी) मोकळी केली का, मेश (हर्नियावर बसवायची जाळी) प्युबिक ट्युबरकल या हाडाच्या उंचवट्याच्या पुढे नेली का. गुणपत्रकात सात बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, एकूण ३५. टिश्यू जपणं, हालचालीतली काटकसर, इन्स्ट्रुमेंट हाताळणं, असिस्टंटकडून काम करून घेणं, पुढची पायरी आधीच डोक्यात असणं वगैरे.

फरक टेबलावर दिसतो. एक रेसिडेंट एक्स्टर्नल ऑब्लिकची (पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याची) कड एकदाच, अलगद उचलतो. दुसरा दातेरी फोर्सेपनं (चिमट्यानं) तीच कड चारदा चिमटतो, तिचे धागे सुटेपर्यंत. यादीत दोघं पैकीच्या पैकी. गुणपत्रकात टिश्यूच्या रकान्यात एकाला ४, दुसऱ्याला २.

असे गुण कागदापुरते नसतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये लठ्ठपणाची ऑपरेशनं करणाऱ्या २० सर्जनचे व्हिडिओ इतर सर्जननी नावं न कळता तपासले. २०१३ साली निकाल छापून आला: सर्वात कमी गुणांच्या गटात गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वात जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के.

गुणपत्रकाची अडचण एकच. माझा ३ आणि तुमचा ३ एक हवा. त्यासाठी सुरुवातीला दोन शिक्षकांनी एकच व्हिडिओ (पेशंटची संमती घेऊन, चेहरा न दाखवता) वेगवेगळा तपासावा आणि गुण जुळवून बघावेत.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षाला यादी, कारण तेव्हा पायऱ्याच पाठ व्हायच्या असतात. दुसऱ्या वर्षापासून गुणपत्रक. आणि ते ओटीतून बाहेर पडायच्या आत भरायचं. संध्याकाळी भरलं की पुन्हा नुसतं मतच उरतं.

मग अंबाजोगाईचा रेसिडेंट तीन महिन्यांच्या डीआरपीला (जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या प्रशिक्षणाला) बीडला गेला, तरी 'टिश्यू २' हा कागद सोबत जाईल, आणि तिथल्या सरांना पहिल्याच केसला कळेल की त्याच्या फोर्सेपकडे बघायचंय.