बाहेरून दर्शन: क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची नऊ दिवसांची सहल, अकरा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात सहल कंपनीतून फोन आला. "सर, आमचे जुने पाहुणे म्हणून तुम्हाला पोर्तुगालच्या किनाऱ्यावर खास सवलत आहे." सवलतीचा आकडा ऐकण्याआधी मी विचारलं, "त्यात बाहेरून दर्शन किती?" पलीकडे शांतता. मग "सर, मी चेक करून सांगते" आणि फोन बंद. म्हणून हे लिहायला बसलो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि ही, दोघं क्रोएशियाला जाऊन आलो. झाग्रेबला उतरायचं, प्लिटविसचे तलाव बघायचे आणि मग किनारा धरून खाली यायचं: झादर, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट, डुब्रॉव्हनिक. माणशी अडीच लाख, जीएसटी धरून. कार्यक्रम सगळ्याच कंपन्यांचा साधारण असाच असतो, त्यामुळे दिवसवार सांगत बसत नाही. हॉटेलं स्वच्छ होती, बस चांगली होती, रात्री पोळी-भाजी मिळत होती. पाणी विकत, स्वच्छतागृहाला युरोची नाणी, हे युरोपात जाणाऱ्याला ठाऊक असतंच. माझी तक्रार या कशाबद्दलच नाही. माझी तक्रार क्रियापदांबद्दल आहे.

सहलीचं पत्रक मी घरी तीन वेळा वाचलं होतं, तरी फसलो. पत्रकात चार प्रकारचे शब्द असतात. 'भेट देणे', 'पाहणे', 'फोटो स्टॉप' आणि 'ओरिएंटेशन टूर'. आपण भाबडेपणाने समजतो की हे सगळे एकाच अर्थाचे आहेत आणि लिहिणाऱ्याने कंटाळा येऊ नये म्हणून शब्द बदललेत. तसं नाही. जिथे तिकीट नाही तिथे 'भेट देणे'. जिथे तिकीट आहे पण ते आपल्या पैशात धरलेलं नाही तिथे 'पाहणे', म्हणजे आत न जाता बाहेरून दर्शन. 'फोटो स्टॉप' म्हणजे वीस मिनिटं. आणि 'ओरिएंटेशन' म्हणजे बसच्या खिडकीतून डावीकडे बघा, उजवीकडे बघा.

आधी स्प्लिटचा चटका सांगतो. पत्रकात ठळक अक्षरांत होतं, 'डायोक्लेशियनच्या राजवाड्याला भेट'. मला वाटलं, वा, भेट आहे! आता हा राजवाडा म्हणजे काय, तर रोमन सम्राट डायोक्लेशियनने निवृत्तीनंतर राहायला इसवी सन ३०५ च्या सुमारास बांधून घेतलेली तटबंदीची वास्तू. नंतरच्या काळात लोकांनी तिच्या आतच घरं बांधली आणि आज तिथे दुकानं, खाणावळी, वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे, सगळं नांदतंय. म्हणजे राजवाडा हेच गावठाण आहे. त्याला 'भेट' द्यायला कुणाला तिकीट लागतच नाही, दरवाजातून आत गेलं की झाली भेट. तिकीट लागतं ते तळघरांना. समुद्राकडच्या दारातून मधल्या चौकात नेणारा तळघराचा एक पट्टा फुकट आहे, दोन्ही बाजूंना विक्रीचे गाळे. आमची तळघराची भेट त्या गाळ्यांपुरती. खरी दालनं दोरीच्या पलीकडे राहिली.

गाईडबाई मात्र अव्वल होत्या. स्थानिक, पन्नाशीच्या, हातात मिटलेली पिवळी छत्री. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. डायोक्लेशियनने ख्रिश्चनांचा भयंकर छळ केला. त्याने स्वतःसाठी जी अष्टकोनी समाधी बांधून घेतली, तिचंच पुढे कॅथेड्रल झालं, आणि तेही त्याच्याच काळात ठार केलेल्या डोम्नियस नावाच्या बिशपच्या नावाने. हे मी चौकात उभं राहून ऐकलं. आत जायला तिकीट होतं, सबब बाहेरून दर्शन.

इथे त्या कानात घालायच्या यंत्राबद्दल सांगतो. गळ्यात डबी, कानाला अडकवायचा आकडा, गाईड बोलते ती फक्त आपल्याला ऐकू येते. पहिल्या दिवशी मी कुरकुर केली होती, कान दुखतो म्हणून. तिसऱ्या दिवसापासून ते यंत्र मला सहलीतली सगळ्यात शहाणी वस्तू वाटायला लागलं. अठ्ठावीस जणांच्या गटात नेहमी मागे राहणारे आम्ही दोघं, हिचे गुडघे आणि माझं पाट्या वाचणं यामुळे. पूर्वी अशा वेळी गाईडचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं. आता मी वीस पावलं मागे एखाद्या खांबाशी रेंगाळलो तरी बाई कानात बोलतच असतात.

आता झादर. पत्रकातली ओळ जशीच्या तशी देतो: 'सी ऑर्गन येथे फोटो स्टॉप'. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: झादरच्या धक्क्यावर समुद्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, साधारण सत्तर मीटर लांब. त्यांच्या पोटात ३५ नळ्या बसवल्या आहेत. लाट आत शिरली की नळीतली हवा ढकलली जाते आणि सूर निघतो. निकोला बाशिच नावाच्या वास्तुविशारदाने २००५ मध्ये हे केलं. म्हणजे ही बघायची वस्तूच नाही! दिसायला नुसत्या पांढऱ्या पायऱ्या आणि त्यात भोकं. फोटो कशाचा काढायचा? वाद्याच्या दाराशी वीस मिनिटं थांबवून, फोटो काढा आणि चला, असं म्हणणारा माणूस कोण असेल, याचा मी तिथे खरंच विचार केला.

नशीब असं की पुढच्या चौकात कुठली तरी गाडी अडकली होती, आमच्या बसला यायला उशीर झाला आणि वीसची पन्नास मिनिटं झाली. ही चपला काढून पायरीवर बसली. खाली लाट आली की आधी पायाला पायरीची थरथर कळायची आणि मग आवाज यायचा, शंख आणि पेटीचा भाता यांच्या मधला. एखादी बोट लांबून गेली की दोन-तीन मिनिटांनी तिच्या लाटा पोचायच्या आणि एकदम पाच-सहा सूर मिळून उठायचे. मग परत एकटा. आमच्यातले जे लोक "काय आहे इथे?" म्हणत होते, तेही गप्प बसले. या सहलीतली माझी सगळ्यात चांगली पन्नास मिनिटं फुकटातली आहेत, आणि त्यातली तीस अपघाताची.

शिबेनिकला मला माझं मत थोडं मागे घ्यावं लागलं, ते प्रामाणिकपणे नोंदवतो. तिथलं सेंट जेम्सचं कॅथेड्रल बांधायला १४३१ ते १५३५ अशी शंभराहून जास्त वर्षं लागली. सगळं दगडात, छपरासकट. पत्रकात 'पाहणे', म्हणजे बाहेरून दर्शन. मी तयारीतच होतो चिडायच्या. पण इथे बघण्यासारखं जे आहे ते बाहेरच आहे. मागच्या अर्धगोल भिंतीवर कमरेच्या वरच्या उंचीला दगडी मुंडक्यांची रांग आहे, ७१ चेहरे. त्या काळातली साधी माणसं: कुणी वैतागलेला, कुणी झोपाळू, एक तर अगदी बिल बघून दचकल्यासारखा. बाई म्हणाल्या, दंतकथा अशी की ज्यांनी बांधकामाला वर्गणी द्यायला हात आखडता घेतला त्यांचे चेहरे शिल्पकाराने इथे कायमचे लावून ठेवले. हिने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तर बाहेरून दर्शन दरवेळी लबाडीच असते असं नाही, एवढं मान्य.

त्रोगिर गोड आहे, छोटं आहे, गर्दी होती. पुढे.

स्प्लिटहून डुब्रॉव्हनिकला जाताना पेल्येशाट्सचा पूल लागतो. याचं महत्त्व आपल्या पासपोर्टवाल्यांना जास्त. मध्ये किनाऱ्याचा एक तुकडा बोस्नियाचा आहे, नेउम गावाचा. जुलै २०२२ पर्यंत रस्त्याने जायचं तर त्यातून जावं लागायचं, म्हणजे दोन ठिकाणी पासपोर्ट तपासणी. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला; बोस्निया त्यात नाही. आता एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असताना असं बाहेर जाऊन परत आत येणं म्हणजे भलतीच पंचाईत. हा २४०४ मीटरचा पूल झाला आणि बस सरळ निघून जाते. टूर मॅनेजरने तिथे टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मीही वाजवल्या.

डुब्रॉव्हनिक. तटबंदीची लांबी १,९४० मीटर, काही ठिकाणी उंची २५ मीटर. जगातले लोक तिथे येतात ते या तटावरून चालायला. पत्रकात: 'भव्य तटबंदी पाहणे'. आणि तट तर काय, कुठूनही दिसतो. पाहून झाला. खाली गाईडबाईंनी (इथल्या वेगळ्या, लाल छत्री) दीड तास सुंदर फिरवलं: स्त्रादुन रस्त्याचे पायांनी घासून आरशासारखे झालेले दगड, १४३८ चं ओनोफ्रिओचं कारंजं, १६६७ च्या भूकंपानंतर एकसारखी बांधलेली घरं. १३७७ मध्ये याच शहराने साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला, हेही तिथेच कळलं. मग मॅनेजर म्हणाला, "आता दीड तास फ्री टाइम. पावणेसहाला घंटामनोऱ्यापाशी." मी विचारलं, तटाचं काय? "काका, ते ऑप्शनल आहे. स्वखर्चाने. पण दीड तासात नाही हं होणार."

तिकीट तेव्हा ३५ युरो होतं. तेव्हाच्या भावाने सव्वातीन हजार. ही म्हणाली, "तुम्ही जा, माझे गुडघे नकोत." मी गेलो. पिले नावाच्या वेशीच्या दरवाजाशी रांगेत पंधरा मिनिटं गेली. वर एकाच दिशेने चालायचं असतं, आणि समोर कुणी फोटो काढत असेल तर आपण थांबायचं.

पण वर गेल्यावर कळलं की खालून काय काय दिसत नव्हतं. कौलं. सगळ्या शहराची कौलं. जुनी कौलं फिकट, वाळक्या गवताच्या रंगाची, आणि मध्ये मध्ये भडक नारिंगी. ती नारिंगी म्हणजे १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी फुटलेली छपरं, नंतर नव्याने घातलेली. खाली बाई हे बोलल्या होत्या, पण खालून मान वर करून फक्त भिंती दिसतात. वरून ते नकाशासारखं वाचता येतं, कुठलं घर वाचलं, कुठलं नाही. नारिंगी फार जास्त आहे. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

गळ्यातली डबी काढायची राहिली होती. बंदराच्या बाजूला आलो तसा कानात खरखर झाली आणि मॅनेजरचा आवाज: "मंडळी, आइस्क्रीम झालं का? दहा मिनिटं राहिली." वाकून बघितलं तर मनोऱ्याच्या पायरीवर आमचीच माणसं. ही मध्ये बसलेली, हातात दोन कोन, एक वितळत चाललेला. मी बंदराकडच्या जिन्याने उतरलो. सगळ्यात उंच मिन्चेता बुरूज राहिला. त्याच तिकिटात लोव्रिएनाट्सचा किल्लाही होता, तोही राहिला. अंदाजे हजार मीटर चाललो, म्हणजे मीटरला सव्वातीन रुपये. पूर्ण फेरी झाली असती तर एक रुपया अडुसष्ट पैसे. ते तिकीट अजून पाकिटात आहे.

परत आल्यावर मी कंपनीला लांबलचक मेल केला. उत्तर एका ओळीचं: "सर, पत्रकात 'पाहणे' असाच उल्लेख आहे." बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला. ऑक्टोबरात मी दोन तारे दिले होते. अधे-मधे हिने सी ऑर्गनचा व्हिडिओ लावला की तीन द्यावेसे वाटायचे.

मग टीसीएसचं निघालं. २०२४ मध्ये परदेशी सहलीवर पाच टक्के टीसीएस (सहल कंपनी आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारात भरते तो कर) घ्यायचे, तो आयकराचं विवरणपत्र भरताना परत मिळतो, इथपर्यंत मला माहीत होतं. पण पैसे सगळे माझ्या खात्यातून गेले तरी कंपनीने निम्मा टीसीएस हिच्या पॅनवर दाखवला. ही विवरणपत्र भरत नाही. त्या साडेबारा हजारांसाठी या वर्षी हिचं विवरणपत्र भरावं लागलं. बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा की सगळा टीसीएस पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर टाका. यात कंपनीचा दोष किती आणि माझा किती यावर घरी दोन मतं आहेत.

आजच्या घडीला तीन तारे. त्यातले दोन छत्रीवाल्या बायांचे, एक त्या डबीचा. डुब्रॉव्हनिकला जाणार असाल तर कंपनीला आधीच विचारा की तिथे मोकळा वेळ किती, आणि तीन तासांपेक्षा कमी असेल तर एक संध्याकाळचं जेवण सोडून द्या, पण तट पूर्ण चाला. झादरला मॅनेजरला हळूच सांगून बसमध्ये शेवटचे चढा.

पोर्तुगालचं पत्रक काल मेलवर आलं. मी लाल पेन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात कळलं की हिने परस्पर फोन करून दोन जागा धरायला सांगितल्या आहेत. अकरा 'पाहणे', चार 'भेट', सहा 'फोटो स्टॉप'. पाचव्या दिवशी एका ठिकाणापुढे 'अनुभवणे' असा शब्द आहे. हा नवीन आहे. त्याचा अर्थ विचारून मेल केलाय, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.