श्रेणीबद्ध वाचन-पेटी: सत्तरीतल्या शाळेत एक शैक्षणिक वर्ष वापरल्यावर

ही मुलांना पायरीपायरीने मराठी वाचायला शिकवायच्या कार्डांची पेटी. लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा असा एकेका पायरीचा एकेक रंग, आणि मूल कोणत्या पायरीवर आहे ते ठरवायला एक चाचणी. बऱ्याच शाळांनी ती घेतली आहे, त्यामुळे आत आणखी काय काय येतं ते सांगत बसत नाही. आमची शाळा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, शिक्षक दोघंच, म्हणजे दोन-दोन वर्ग एका खोलीत. पेटीचे साडेसात हजार रुपये पालक-शिक्षक संघाने काढून दिले. त्या पालकांतले कितीतरी जण काजूच्या हंगामावर नि रोजंदारीवर घर चालवतात. तेव्हा पैशाचा विषय मी मध्ये मध्ये आणणारच.

आधी लॅमिनेशन, कारण माझा सगळा राग तिथे आहे. पेटी जूनमध्ये आली, नि जुलै संपायच्या आत लाल नि पिवळ्या कार्डांच्या कडा सुटायला लागल्या. आधी कोपरे उकलले, मग आत धुरकट पट्टा दिसू लागला, आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतर पेटी उघडली तर कित्येक कार्डांवर प्लास्टिकच्या आत काळे ठिपके. बुरशी आतून लागलेली, पुसणार कशी? कारण शोधायला फार अक्कल लागत नाही. कारखान्यात मोठा कागद आधी लॅमिनेट केला आहे आणि मग कटरवर त्याची कार्डं कापली आहेत. म्हणजे चारही बाजूंनी कागदाची कड उघडी. लॅमिनेशन टिकायचं तर आधी कार्ड कापावं लागतं नि मग ते पाउचमध्ये घालून तापवावं लागतं, बाजूला दोन-तीन मिलिमीटर नुसतं प्लास्टिक राहील असं. दोन्ही फिल्म एकमेकींना चिकटल्या की ओल आत शिरत नाही. वाळपईच्या बाजारातला झेरॉक्सवालासुद्धा रेशनकार्ड असंच लॅमिनेट करून देतो. गोव्यात पावसाळ्यात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत त्याहूनही जास्त. कोकणात नि गोव्यात विकायच्या मालाला इतकी साधी काळजी घेता येत नाही?

कंपनीला फोन केला. ‘दमट जागी ठेवल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ मी विचारलं, जुलै महिन्यात सत्तरीत कोरडी जागा कुठे असते ती तुम्हीच सांगा. त्यावर, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पाठवले. मग, खराब कार्डं तुमच्या खर्चाने कुरिअर करा, आम्ही तपासू. मग कितीतरी दिवस काहीच नाही, आणि शेवटी नवीन पेटी घेतल्यास दहा टक्के सवलत देऊ असा निरोप! पहिल्या पेटीचे पैसे पालकांनी खिशातून काढले आहेत, त्यांना दुसरीचं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर ‘घेऊ नका’ एवढं लिहून थांबले असते.

पण पेटीमागचा विचार चोख आहे आणि तो वर्षभर मी रोज वर्गात पाहिला. मुलगा चौथीत आहे म्हणून चौथीचं पुस्तक वाचू शकतो हे गृहीतच धरायचं नाही. आधी तो खरोखर काय वाचतो ते बघायचं नि तिथून पुढे न्यायचं. रंगीत कार्डांच्या पेटीची कल्पना जुनीच. अमेरिकेत डॉन पार्कर यांची अशी पेटी 1957 साली बाजारात आली. आपल्याकडे हा विचार घरोघर पोचवला तो ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने. त्यांचं ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून चालतं. त्यात एकेका मुलाला समोर बसवून अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. जिथे मूल अडखळेल ती त्याची पायरी. पेटीतली चाचणीही याच घाटाची आहे, नि तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. व्हरांड्यात बाक टाकला, एकेकाला बोलावलं, प्रत्येकाला पाचेक मिनिटं दिली. पहिल्या आठवड्यात सगळ्या शाळेचा नकाशा हातात आला.

त्या नकाशाने झोप उडवली. चौथीतला एक मुलगा, पाठ्यपुस्तकातला धडा घडाघड म्हणणारा, पेटीतल्या साध्या शब्दांवर अडला. धडा त्याला पाठ होता! पान बदललं की बोट भलत्याच ओळीवर. आणि दुसरीतली एक चिमुरडी, आजीकडे पोथी ऐकत वाढलेली, सरळ गोष्टीच्या पायरीवर. इयत्ता धरून शिकवलं असतं तर तो कधी सापडला नसता आणि ती कंटाळून खिडकीबाहेर बघत बसली असती. आता सकाळी पहिला तास इयत्ता मोडून बसवतो. चौथीचा मुलगा दुसरी-तिसरीच्या मुलांबरोबर पिवळ्या कार्डावर बसला, तेव्हा आधी दोन दिवस मान खाली घालून होता. मी त्याच्याकडे कार्डं वाटायचं नि परत मोजून घ्यायचं काम दिलं. पायरीचं नाव कार्डाच्या पाठीवर असतं, तेच त्याला वाचून वाटावं लागे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो हिरव्यावर आला होता.

इथेच एक सांगते. पेटीतले रंगीत बिल्ले मुलांच्या छातीवर लावू नका. मार्गदर्शिकेत लावा म्हटलं आहे, पण मुलं एकमेकांना ‘लालवाला’ म्हणायला लागतात. आम्ही ते पहिल्याच आठवड्यात काढून ठेवले.

आता खरा दोष. लॅमिनेशनवर मी तावातावाने बोलले, पण शिकवण्याच्या दृष्टीने ह्या पेटीतली सगळ्यात मोठी खोट निळ्या पायरीला आहे. लालमध्ये बिनकाना-मात्रेचे शब्द: घर, फणस, गवत. पिवळ्यात काना आणि वेलांट्या. हिरव्यात उकार, मात्रा, अनुस्वार आणि चार-पाच वाक्यांचे उतारे. इथपर्यंत चढण इतकी छान बांधली आहे की मुलं आपण होऊन पुढचं कार्ड मागतात. आणि निळ्याच्या पहिल्याच कार्डावर ‘राष्ट्रध्वज’, खाली ‘सूर्योदय’, त्याच्या खाली ‘विज्ञान’. सगळी जोडाक्षरं एकाच पायरीवर ओतली आहेत. हिरव्यावर तरतरीत वाचणारी माझी मुलं निळ्यावर आली आणि गप्प झाली. कुणी शब्द गिळू लागलं, कुणी चित्र बघून अंदाजाने वाक्य पुरं करू लागलं.

जोडाक्षरांतही चढण असते आणि ती ज्यांनी मराठी शिकवली आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेच अक्षर दोनदा येतं ते सगळ्यात सोपं: हत्ती, गल्ली, चिक्कू, आणि आमच्या मुलांना तोंडपाठ असलेलं सत्तरी. त्यानंतर ज्यांचा दंड, म्हणजे उभी रेघ, गळतो ती: रस्ता, पुस्तक, म्हैस, म्हापसा, म्हादई. मग ज्यांना दंडच नाही ती, चिठ्ठी, लठ्ठ, विद्या. यांत एक अक्षर दुसऱ्याच्या खाली किंवा पोटात बसतं, म्हणून डोळ्याला नवी सवय लागते. र सगळ्यात शेवटी यायला हवा, कारण तो चार वेषांत येतो. ‘चक्र’मध्ये तिरकी रेघ, ‘ट्रक’मध्ये अक्षराखाली दोन तिरक्या रेघा, ‘सूर्य’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि ‘दऱ्या’मध्ये चौथाच आकार. त्यात रफार सगळ्यात अवघड. बोलताना तो आधी येतो, कागदावर मात्र पुढच्या अक्षरावर बसलेला दिसतो. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचत जाणारं मूल ‘सूर्य’चं ‘सूयर’ करतं, कारण डोळ्याला य आधी दिसतो. ते मूल हुशार आहे, चूक कार्डाची आहे. पहिल्या वेलांटीचंही असंच, ती अक्षराच्या आधी लिहितो नि उच्चार नंतर करतो, पण पेटीने त्या वेलांटीसाठी चांगली आठ कार्डं दिली आहेत. रफाराला अर्धं कार्डही नाही. का?

लहान मुलांना नीट वाचता-लिहिता यावं म्हणून केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान 2021 साली सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. मराठीत हे गाठायचं तर जोडाक्षरावर थांबून चालत नाही, कारण साध्या गोष्टीतसुद्धा दर दोन-तीन ओळींत एखादं भेटतंच. पेटी विकणाऱ्यांनी खोक्यावर निपुणचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं आहे आणि नेमकी तीच पायरी कच्ची ठेवली आहे.

म्हणून आम्ही हिरव्या नि निळ्याच्या मध्ये स्वतःची कार्डं घातली. जाड कार्डशीट आणून स्केचपेनने लिहिली. शब्द आसपासचे घेतले. रफारासाठी पर्ये आणि पर्वरी ही नावं फार कामाला आली. पर्ये इथलंच गाव, मुलांचे मामा-मावश्या तिथे. शब्द कानाला पक्का, त्यामुळे डोक्यावरचा र डोळ्यांनी शोधणं एवढंच उरलं. एका दुपारी तिसरीतल्या मुलाने ‘पर्ये’ वाचलं, मग स्वतःहून पाठ्यपुस्तक उघडून त्यात डोक्यावर रफार असलेले शब्द शोधत बसला, आणि सापडेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारत गेला. माध्यान्ह आहाराचा पाव-भाजीचा डबा येऊन थंड झाला तरी उठेना.

दुसरी गोष्ट आकलनाची. गोव्यात घरी कोंकणी आणि शाळेत मराठी हे पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. आमच्याकडे त्यात गौळी-धनगर घरांतली मुलं आहेत, कामासाठी आलेल्या कन्नड नि हिंदी घरांतली आहेत. पेटीची मार्गदर्शिका सांगते की उत्तर पूर्ण मराठी वाक्यात आलं तरच कार्ड पुरं झालं असं समजावं, नाहीतर तेच कार्ड पुन्हा. निळ्या पायरीवर शेळी हरवल्याची गोष्ट आहे. प्रश्न: मुलगी का रडत होती? तिसरीतली मुलगी गोष्ट नीट वाचून मला म्हणाली, “टीचर, तिची बोकडी शेणली म्हूण. पूण ती हांगाच आसा, गोठ्याफाटल्यान, चित्रांत पळयात.” (शेणली म्हणजे हरवली, पळयात म्हणजे पाहा.) मी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. खरंच, गोठ्यामागे शेळीची शिंगं दिसत होती, मला वर्षभरात दिसली नव्हती! हिला गोष्ट समजली नाही असं मी लिहू? मी पूर्ण गुण दिले, मग तेच उत्तर दोघींनी मिळून मराठीत म्हटलं, मग तिने वहीत लिहिलं. वाचणं, समजणं, बोलणं, लिहिणं ही चारही एकाच वेगाने चढत नाहीत. ती मुलगी वाचनात निळ्यावर आहे नि लेखनात अजून पिवळ्यावर. पेटी प्रत्येक मुलाला एकच रंग देते, आम्ही तक्त्यावर दोन रकाने केले. एवढा बदल प्रत्येक शाळेने करावाच असं मला कळकळीने वाटतं.

डिसेंबरात माझं मत पुन्हा थोडं बदललं. पालक-शिक्षक संघाने लेटरहेडवर रीतसर पत्र पाठवलं, तेव्हा कंपनीतल्या कुणीतरी सगळ्या कार्डांची पीडीएफ ईमेलने पाठवली, वर ‘शाळेपुरतं छापायला हरकत नाही’ असं लेखी दिलं. हे त्यांनी जुलैतच केलं असतं तर माझे कितीतरी फोन वाचले असते, पण केलं हे खरं. बुरशी लागलेली कार्डं आम्ही नव्याने छापून घेतली, आधी कापली, मग पाउचमध्ये घालून कडा बंद केल्या. पाव-भाजीचे तेलकट हात लागले तरी फडक्याने पुसता येतात. छपाई आणि लॅमिनेशन मिळून जो खर्च आला तो पेटीच्या किमतीच्या जवळपासही नव्हता, आणि हाच हिशेब मनाला लागतो. साडेसात हजारांत नक्की कशाचे पैसे घेतले? चाचणीचे आणि पहिल्या तीन पायऱ्यांचे म्हणाल तर मी देईन. खोक्याचे आणि बिल्ल्यांचे देणार नाही.

गोष्टींचा साठा पेटीत अपुराच आहे, जांभळ्या पायरीवर तर मुलं दोन महिन्यांत सगळं वाचून मोकळी. तिथे ‘स्टोरीवीव्हर’ने निभावलं. प्रथम बुक्सचं हे व्यासपीठ फुकट आहे, गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत, मराठीत आहेत नि कोंकणीतही, आणि परवाना मोकळा असल्यामुळे छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पायरी मात्र स्वतः वाचून ठरवा. तिथे पायरी ठरवताना गोष्टीची लांबी नि वाक्यांची गुंतागुंत पाहिली जाते, पण पहिल्या पायरीच्या गोष्टीतही रफार अचानक भेटतो.

शेजारच्या गावातल्या शाळेने विचारलं, आम्ही घेऊ का? त्यांच्याकडे सगळी मिळून मुलं थोडी, शिक्षिका एकच. मी त्यांना पेटी घेऊ दिली नाही. चाचणीचं कार्ड नि लाल-पिवळी-हिरवी कार्डं सुटी मिळतात का म्हणून कंपनीला विचारलं, तर ‘संच मोडून विकत नाही’. त्यामुळे आमचीच पेटी आता शनिवारी तिकडे जाते नि सोमवारी परत येते. मधल्या पायरीची कार्डं त्या बाईंनी स्वतः लिहायला घेतली आहेत, त्यांच्या वाड्यांची नावं घालून. जूनमध्ये दोन्ही शाळांची चाचणी एकाच आठवड्यात घ्यायची असं ठरलं आहे, पाउचचं पाकीट अर्धं अर्धं वाटून घेतलं आहे.