‘व्हेरी नाइस, व्हेरी ईव्हिल’ : एका खलनायकाच्या टी-शर्टाचे परीक्षण

काळा रंग, शंभर टक्के सूत, छातीवर पांढऱ्या चेहऱ्याचा ठसा आणि त्याखाली ‘व्हेरी नाइस, व्हेरी ईव्हिल’ ही चार शब्दांची ओळ, असा एक टी-शर्ट मी गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून वापरतो आहे. चेहरा डॅनहाउसन या अमेरिकी कुस्तीगिराचा आहे. पन्नाशीला टेकलेल्या आणि फोंड्यात हिशेब लिहून पोट भरणाऱ्या माणसाने असला कपडा घालावा का, हा प्रश्न घरात पुरेसा चर्चून झाला असल्यामुळे येथे पुन्हा घेत नाही. कापड, छपाई आणि त्या चेहऱ्यामागचा धंदा या तीन गोष्टींविषयीच लिहितो. त्यांतही तिसरीविषयी अधिक, कारण ती ठाऊक नसेल तर पहिल्या दोहोंना काही अर्थ उरत नाही.

माझ्या कपाटात या चेहऱ्याचे खरे तर दोन टी-शर्ट आहेत. पहिला मी एका संकेतस्थळावरून 499 रुपयांना घेतला आणि तो नकली निघाला. दुसरा अस्सल असून तो माझ्या भाच्याने आणला. भाचा तारवटी आहे, अमेरिकेच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या पर्यटक जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो आणि घरी परतताना प्रत्येकाने सांगितलेले काहीतरी घेऊन येतो. आईने चॉकलेटे सांगितली होती, मी हा टी-शर्ट. ‘मामा, वय काय तुमचे!’ एवढेच म्हणून त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि किंमत काही केल्या सांगितली नाही.

ज्यांनी शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळले असतील आणि उंची, वजन व छातीचे माप यांवर मित्रांचे पत्ते जिंकले असतील, त्यांना अमेरिकी व्यावसायिक कुस्ती वेगळी समजावून सांगायला नको. निकाल आधी ठरलेला असतो, शरीराला बसणारा मार मात्र बराचसा खरा असतो आणि प्रत्येक मल्ल एक पात्र वठवत असतो. या पात्राला त्या धंद्यात ‘गिमिक’ म्हणतात आणि खलनायकाला ‘हील’. हीलने लोकांची चीड ओढवून घ्यायची, म्हणजे तिकिटे खपतात, हा जुना हिशेब आहे. त्यात विनोद मिसळणाराही डॅनहाउसन पहिला नव्हे. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात गॉर्जस जॉर्ज हा मल्ल सोनेरी कुरळे केस आणि झगमगते झगे मिरवीत येत असे, त्याचा सेवक रिंगणात अत्तर फवारीत असे आणि लोक त्याला मार बसताना पाहायला पैसे मोजत. 1961 मध्ये लास व्हेगासला भेट झाल्यावर आपण त्याच्याकडून बढाई मारण्याची कला उचलली, असे मुहम्मद अलींनीच पुढे सांगितले आहे.

डॅनहाउसनचे गिमिक असे आहे. चेहरा पांढराफटक रंगवलेला, डोळ्यांभोवती आणि कपाळावर काळा रंग, खांद्यावर झूल. हा राक्षस आहे, पण अत्यंत सभ्य राक्षस. तो स्वतःविषयी नेहमी तृतीय पुरुषात बोलतो, दुसऱ्यांच्या नावांना ‘हाउसन’ हे शेपूट लावतो, हाताची बोटे वाकडी करून प्रतिस्पर्ध्याला शाप देतो आणि एका बरणीत दात बाळगतो. ते दात समोरच्याच्या तोंडात ओतून तो वर लाथ मारतो. कॉनन ओब्रायन या दूरचित्रवाणीवरील विनोदी सूत्रसंचालकाला भुताने झपाटले तर तो कसा वागेल, अशी त्याने स्वतःच या पात्राची फोड केलेली आहे. तो दुष्टपणाची घोषणा करतो आणि दुष्टपणा काही त्याला नीट जमत नाही, यातच सगळी गंमत आहे.

आता धंद्याकडे येतो. मोठ्या कंपनीशी करार नसलेल्या मल्लाला तिकडे ‘इंडी’ म्हणतात. तो शनिवारी एका गावच्या सभागृहात आणि रविवारी दुसऱ्या गावच्या व्यायामशाळेत खेळतो, प्रवास पुष्कळदा चारचौघांत गाडी वाटून करतो आणि लढतीचे मानधन अनेकदा त्या प्रवासातच संपते. खरी कमाई लढतीच्या आधी आणि नंतर मांडलेल्या टेबलावर होते, जेथे तो घामाघूम अवस्थेत उभा राहून स्वतःचे टी-शर्ट, छायाचित्रे आणि सह्या विकतो. म्हणून असा टी-शर्ट विकत घेणे हे प्रेक्षकाने मल्लाच्या हातावर थेट ठेवलेले मानधनच असते. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात एखादा प्रवेश रंगला की प्रेक्षकांतून कोणी उठून नटाच्या हाती बक्षीस देतो, तसलाच हा व्यवहार. डॅनहाउसनने यात चातुर्य असे दाखवले की विक्रीच पात्राच्या तोंडी घातली. राक्षसाला ‘ह्यूमन मनीज’ हवे आहेत, तेव्हा माणसांनी ते आणून द्यावेत! एरवी मल्ल टेबलापाशी आला की त्याला क्षणभर पात्र बाजूला ठेवून दुकानदार व्हावे लागते. याला ते करावेच लागत नाही. हिशेबनीस म्हणून मला ही युक्ती फार आवडते.

त्याची वाटचाल मात्र सुखाची नव्हती. 2013 च्या सुमारास सुरुवात करून कित्येक वर्षे तो लहान आखाड्यांतच फिरत होता, आणि हे रंगवलेले तोंड त्याला पहिल्या दिवशी नव्हे, तर बऱ्याच खटपटीनंतर सापडले. पुढे ‘रिंग ऑफ ऑनर’ या जुन्या आणि नावाजलेल्या संस्थेत त्याला जागा मिळाली, परंतु ऑक्टोबर 2021 मध्ये त्या संस्थेने वर्षअखेरीनंतर काही काळ खेळ थांबवण्याचे जाहीर करून सगळ्या मल्लांना करारातून मोकळे केले. नेमक्या त्याच सुमारास एका स्वतंत्र लढतीत त्याचा पाय मोडला. नोकरी गेलेली आणि पाय प्लास्टरमध्ये, अशा स्थितीत बहुतेक मल्लांची कारकीर्द विरून जाते. याच्या बाबतीत उलटे झाले, कारण त्याचे भांडवल पायात नव्हते. 26 जानेवारी 2022 रोजी क्लीव्हलँड येथे ‘ऑल एलिट रेसलिंग’ या मोठ्या कुस्ती कंपनीच्या कार्यक्रमात अ‍ॅडम कोल आणि ऑरेंज कॅसिडी यांची लढत ऐन भरात आली असताना तो रिंगणाखालून प्रकट झाला, त्याने कोलला शाप दिला आणि सभागृह डोक्यावर घेतले गेले. पाय अजून बरा व्हायचा होता. पुढचे काही आठवडे तो कुस्ती न खेळता, केवळ अवेळी उगवून आणि बोटे वाकडी करून टाळ्या घेत राहिला. मे महिन्यात तेथील पहिल्या लढतीत टोनी नीस या मल्लाने त्याला क्षणात चीत केले. त्याच महिन्याच्या 29 तारखेला लास व्हेगासमध्ये, शाप ज्याच्यावर अजिबात चालत नव्हता त्या हुक नावाच्या अबोल मल्लाला जोडीला घेऊन त्याने त्याच नीसच्या जोडीला हरवले. त्यानंतर दुखापतींनी त्याला पुन्हा पुष्कळ काळ बाहेर बसवले. जय-पराजयाचा तक्ता मांडला तर हा माणूस सामान्य ठरेल, यात शंका नाही. पण तक्ता मांडायला बसलेला कोणी त्याचा टी-शर्ट घेत नाही.

ही सगळी पार्श्वभूमी मनात ठेवून दोन्ही टी-शर्ट पलंगावर शेजारी शेजारी पसरले, तेव्हा नकली कशामुळे नकली आहे हे मला कळले. शाई आणि कापडाचा फरक उघडच होता, पण खरा फरक चेहऱ्यात होता. नकली टी-शर्टाच्या चित्रकाराने ‘ईव्हिल’ हा शब्द वाचला आणि मन लावून भीषण राक्षस काढला. सुळे दाखवले, हनुवटीवरून रक्ताचा ओघळ सोडला, भुवया खाली ओढून कपाळाला आठ्या घातल्या. अस्सल टी-शर्टावर यांतले काहीच नाही. तेथे डोळे थोडे जास्तच उघडे आहेत, भुवया वर चढलेल्या आहेत आणि ओठ किंचित विलग आहेत. शाप देऊन झाला, पण समोरचा पडला नाही, आता काय करावे, अशा विचारात तो सापडल्यासारखा दिसतो. या पात्राचा प्राण त्या दोन भुवयांत आहे. त्या खाली ओढल्या की उरतो तो कोणताही राक्षस, आणि कोणत्याही राक्षसाला 499 रुपयेसुद्धा अधिकच झाले.

याची पावती मला पेडणे तालुक्यातील एका जत्रेत मिळाली. दशावतारी नाटक होते, मध्यरात्र उलटून गेली होती आणि थंडी असल्याने मी जाकीट घातले होते. चहा घेण्यासाठी जाकीट काढून हातावर घेतले, तेव्हा शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या छातीकडे निरखून पाहिले आणि विचारले, ‘हो संकासूर खंयचो रे?’ मी अमेरिकेचा म्हणून सांगितले. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. ज्यांनी आडदशावतार, म्हणजे या नाटकाचा मुख्य कथेआधीचा भाग, पाहिला आहे त्यांना आजोबांचा प्रश्न लगेच उमगेल. काळ्या वेशातला संकासूर वेद पळवणारा दैत्य खरा, पण बाकीची पात्रे भारदस्त मराठीत बोलत असता हा मालवणीत ब्राह्मणाची फिरकी घेतो, पोरांना घाबरवतो, पोरे घाबरून हसतात आणि शेवटी विष्णूच्या हातून त्याला मरावे लागते. आख्यान सुरू होण्याआधीच झोपी जाणारी मुले संकासुरासाठी मात्र डोळे ताणून जागी राहतात. नकली टी-शर्ट घालून गेलो असतो, तर आजोबांनी तो प्रश्न विचारला असता असे मला वाटत नाही.

आता कापडाविषयी. अस्सल टी-शर्टाचे सूत मऊ आहे, पण वीण दाट असल्यामुळे तो गोव्याच्या मे महिन्यात दुपारी घालण्याजोगा नाही. घामाने पाठीला चिकटतो. संध्याकाळी सातनंतर चालतो. छपाई थेट धाग्यात मुरलेली आहे, चेहऱ्यावरून बोट फिरवले तर कापडाची वीणच जाणवते. नकलीवर चित्राचा एक पातळ पापुद्रा इस्त्रीने डकवलेला होता, जो तिसऱ्या धुण्यात डाव्या डोळ्यापाशी तडकला आणि पाचव्यात हनुवटीसकट सोलून निघाला. अस्सलाच्या पांढऱ्या रंगात आता किंचित पिवळसर छटा आली आहे, पण रेषा तुटलेली नाही. उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि चित्रावरून इस्त्री फिरवू नये. पावसाळ्यात त्याला बंद कपाटात मुळीच ठेवू नये, कारण काळ्या सुतावर बुरशीचे पांढरे ठिपके चार दिवसांत उठतात. जुलैमध्ये माझ्या टी-शर्टाच्या काखेत ते उठले होते, आणि पत्नीने हा रंगही त्या राक्षसाचाच आहे का, असे विचारले होते. लिंबाचा रस चोळून आणि पंख्याखाली वाळवून ते गेले.

मापाच्या बाबतीत सावध राहावे. अमेरिकी ‘मीडियम’ आपल्या ‘लार्ज’च्या जवळ जाते आणि लांबीला तर ते मांडीपर्यंत येते. मी नेहमीच्या सवयीने ‘लार्ज’ सांगितला असता, तर तो भाच्याच्या वडिलांकडे गेला असता. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर उन्हाळ्याचा एक गुण कापून चार देईन. नकलीला अर्धा देतो, तोही स्कूटर पुसायला तो उत्तम असल्याबद्दल. भाचा येत्या महिन्यात पुन्हा जहाजावर जातो आहे. आईची चॉकलेटांची यादी तयार आहे आणि तिच्या तळाशी, तिने वाचू नये इतक्या बारीक अक्षरांत, मी दातांच्या बरणीचे चित्र असलेला एक टी-शर्ट लिहिला आहे, माप मीडियम.